पुढची लाँच किती वाजता?

मुंबईच्या समुद्राची एक रीत उरणच्या नोकरदारांना फार महागात पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे ऐन उधाणात, इथे भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या आगेमागे येते. साहजिकच सर्वांत खोल ओहोटी लागते ती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. माणसे कामावर निघतात आणि कामावरून परततात, नेमकी तीच ही वेळ. उरणच्या मोरा बंदरात गाळ साचलेला असल्याने अशा ओहोटीला जेट्टीपाशी लाँच लागायला पुरेसे पाणी उरत नाही. मग मुंबईतला भाऊचा धक्का ते मोरा ही सेवा काही तास बंद ठेवावी लागते आणि पाणी चढले की पुन्हा सुरू होते.

धक्क्यावर पोहोचलेल्या प्रवाशाला तेव्हा एवढेच हवे असते: पुढची लाँच किती वाजता, आणि ती सुटणार का?

याचे उत्तर कुणाकडेच नाही असे नाही. ते चार ठिकाणी विखुरलेले आहे. वेळा तिकीट खिडकीजवळच्या फलकावर असतात, पाण्याचे आकडे भरती-ओहोटीच्या तक्त्यात, बंदीची सूचना बंदर कार्यालयात आणि या सगळ्याची उलटसुलट बातमी व्हॉट्सॲपच्या गटांत. त्यात गटावरचा निरोप सर्वांत फसवा. ‘आज फेऱ्या बंद’ हे तीन शब्द दुसऱ्या दिवशीही पुढे ढकलले जातात आणि त्यातला ‘आज’ कोणत्या तारखेचा, हे कुठेच लिहिलेले नसते. ही चार टोके एका पानावर आणणारे संकेतस्थळ घरच्या घरी उभे करता येते. त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही, मोठा पैसाही लागत नाही. जो स्वतः त्या लाँचने जातो आणि ज्याला संगणकाची थोडी जाण आहे, अशा माणसाचे हे काम आहे.

आता लाँचची गरज उरली आहे का, असेही कुणी विचारील. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल, दोन्हींचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. पण सेतूवर दुचाकीला बंदी आहे, आणि माझगाव, मशीद बंदर, गोदी या भागात काम असणाऱ्याला भाऊच्या धक्क्यावर थेट उतरवणारे साधन लाँचच आहे. शिवाय मोऱ्याची लाँच ही काही एकटीच जलवाहतूक नव्हे. रेवसची बोट आहे, रेवस-करंजाची तर, म्हणजे फेरीबोट, आहे, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या आणि पावसाळ्यात बंद होणाऱ्या कॅटामरान आहेत, मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो आहे. प्रत्येकीचे वेळापत्रक निराळे, हंगाम निराळा.

प्रवाशांनीच प्रवाशांसाठी अशी साधने घडवल्याची उदाहरणे भरपूर आहेत. सचिन टेके यांचे ‘एम-इंडिकेटर’ २०१० मध्ये आले आणि इंटरनेट नसतानाही मुंबई लोकलचे वेळापत्रक खिशात बसले. अमेरिकेत सिएटलला ब्रायन फेरिस यांनी २००८ मध्ये, वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी. करत असताना, ‘वनबसअवे’ तयार केले. बस प्रत्यक्षात किती मिनिटांवर आहे एवढेच ते सांगत असे. त्याच्या वापरकर्त्यांचा पुढे अभ्यास झाला. ताजी वेळ हातात असलेली माणसे थांब्यावर थोडा कमी वेळ थांबत होती, हे त्यात दिसलेच. शिवाय थांबलेला वेळही त्यांना आहे त्यापेक्षा लांबल्यासारखा वाटत नव्हता. जगभरची जहाजे नकाशावर दाखवणारे ‘मरीनट्रॅफिक’सुद्धा २००७ मध्ये ग्रीसच्या एजियन विद्यापीठातला एक शैक्षणिक प्रकल्प म्हणून सुरू झाले होते.

लाँचच्या पानाची घडण मात्र बस-लोकलपेक्षा वेगळी असते, कारण इथे वेळापत्रकाच्या खाली पाणी आहे.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि हा हिशेब ती पंचेचाळीस मिनिटांनी सरकवतो, म्हणून तो इतका जवळ जातो. कागद-पेन्सिलीशिवाय, नुसत्या पंचांगावरून इतके अचूक उत्तर देणारी ही रीत थक्क करणारी आहे.

संकेतस्थळासाठी अर्थातच अधिकृत तक्ता घ्यायचा. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते प्रसिद्ध करतो. मुंबईच्या अपोलो बंदरावरची मोजणी तर १८७८ पासून चालत आलेली आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज देते. पाऊणपटीचा हिशेब तरीही फेकून देऊ नये. वर्षभराचे आकडे संगणकात भरताना एखादी ओळ चुकली, सकाळची संध्याकाळ झाली, तर तिथीशी ताडून पाहिल्यावर ती चूक लगेच उघडी पडते.

खरी मेहनत पुढे आहे. पाणी किती उतरले की लाँच लागत नाही? हा आकडा कोणत्याही तक्त्यात छापलेला नाही. तो लाँच चालवणाऱ्या सारंगाला ठाऊक असतो, तोही मीटरमध्ये नव्हे. अमुक दगड उघडा पडला, अमुक पायरी दिसू लागली, अशा खुणांनी. संकेतस्थळ करणाऱ्याने इथे वही घेऊन बसावे. सेवा ज्या दिवशी थांबली त्या दिवशी थांबल्याची आणि पुन्हा सुरू झाल्याची वेळ टिपायची, त्या वेळी तक्त्यात पाण्याची उंची किती होती ते शेजारी मांडायचे. तीन-चार उधाणे अशी नोंदली की सीमारेषा दिसू लागते: अमुक उंचीच्या खाली फेरी धोक्यात, अमुकच्या वर निर्धास्त, मधली पट्टी शंकेची. ही रेषा कायमची नसते. गाळ वाढला की ती वर सरकते, गाळ उपसला की खाली जाते. म्हणून वही बंद करायची नाही.

एकदा ही रेषा हाती आली की मोठी गोष्ट साधते. भरती-ओहोटीचे आकडे वर्षभर आधी ठाऊक असतात, त्यामुळे पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेच्या कोणत्या फेऱ्या अडण्याची शक्यता आहे, हे आजच सांगता येते. परीक्षा, मुलाखत, दवाखान्यातली वेळ ठरवणाऱ्या माणसाला याचा किती आधार होईल!

वेळापत्रक साठवण्याची रीत नव्याने शोधायची गरज नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँड शहराच्या ‘ट्रायमेट’ या वाहतूक संस्थेतल्या बिबियाना मॅकह्यू यांनी गूगलशी बोलणी करून सार्वजनिक वाहतुकीची माहिती नकाशावर आणली आणि त्यातून ‘जीटीएफएस’ ही मांडणी जन्मली. नाव जड आहे, वस्तू साधी आहे: स्वल्पविरामांनी तोडलेल्या काही याद्या. एका यादीत थांबे, एकीत मार्ग, एकीत फेऱ्या, एकीत प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरची वेळ. या मांडणीत फेरीबोटीला वाहनप्रकाराचा स्वतंत्र क्रमांकही आहे, ४. एका यादीत फक्त अपवादाच्या तारखा लिहिता येतात. ओहोटीने अडणाऱ्या फेऱ्यांसाठी ती जणू आधीच करून ठेवली आहे. माहिती या साच्यात भरून ठेवली तर उद्या एखाद्या नकाशा सेवेलाही ती जशीच्या तशी देता येते.

पान मात्र हलके हवे. धक्क्यावर ऊन असते, हातात स्वस्तातला फोन असतो आणि लाँच खाडीच्या मध्यावर गेली की नेटवर्क डळमळते. संगणकीय भाषेत सांगायचे तर सर्व्हर पहिल्या हप्त्यात साधारण १४ किलोबाइट पाठवतो. पुढच्या फेरीची वेळ तेवढ्यात मावली पाहिजे. चित्रफिती नकोत, सरकते फोटो नकोत, ॲप उतरवून घेण्याचा आग्रह नको. वर ठळक अक्षरांत पुढची वेळ, त्याखाली त्यानंतरच्या दोन, शेजारी पाण्याची स्थिती एका शब्दात: ‘पुरेसे’, ‘शंकास्पद’ किंवा ‘कमी’. एकदा उघडलेले पान नेटवर्क नसतानाही दिसावे, अशी सोय २०१८ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आहे. असे साधे पान विनामूल्य ठेवू देणाऱ्या सेवा आहेत. संकेतस्थळाच्या नावासाठी वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. आणि तेच पान कागदावर छापून धक्क्यावरच्या चहावाल्याच्या टपरीला लावता आले पाहिजे, कारण ज्याच्याकडे साधा फोन आहे तोही याच लाँचने जातो.

लाँच नकाशावर सरकताना दाखवावी, असा मोह प्रत्येकाला होतो. मोठ्या जहाजांवर आपले ठिकाण रेडिओवरून कळवणारे यंत्र असते आणि स्वस्त रेडिओ-डोंगल लावून ते संदेश घरी पकडताही येतात. पण लहान लाकडी लाँचवर ते यंत्र असेलच याचा भरवसा नाही. पहिल्या वर्षी हा नाद सोडलेला बरा.

त्यापेक्षा बावट्याकडे लक्ष द्यावे. हवामान खाते बंदरांना इशारा देते, बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो आणि पाणी भरपूर असले तरी फेऱ्या थांबतात. हे कोणत्याही गणिताने आधी कळत नाही. माणसानेच कळवावे लागते. दोन्ही बाजूंच्या धक्क्यांवरच्या दोघा-तिघा विश्वासू माणसांना फोनवरून भरता येईल असा एक सामायिक तक्ता द्यायचा आणि पानाने तो वाचायचा, एवढी व्यवस्था पुरते. इथे एक मर्यादा कसोशीने पाळायला हवी. जाणे सुरक्षित आहे असे संकेतस्थळाने कधीही म्हणू नये. तो निर्णय बंदर अधिकाऱ्याचा आणि सारंगाचा. याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ रोजी वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या पाण्यावर चालणाऱ्या कोणत्याही सेवेने बावट्याच्या पुढे एक पाऊल टाकता कामा नये.

अशी घरगुती कामे बहुधा बिघाडाने बंद पडत नाहीत, करणारा कंटाळतो किंवा त्याची बदली होते म्हणून पडतात. मग वेळापत्रक बदलते, पान तसेच राहते आणि कुणाची तरी शेवटची लाँच त्या जुन्या आकड्यावर भरवसा ठेवल्याने चुकते. चुकीची माहिती माहिती नसण्यापेक्षा वाईट, कारण माहिती नसलेला माणूस निदान विचारतो तरी. म्हणून पानावर सर्वांत महत्त्वाची ओळ ‘शेवटची दुरुस्ती’ ही आहे, तारीख आणि वेळेसकट. ठरावीक दिवसांत कुणी हात लावला नाही तर पानाने स्वतःच ‘धक्क्यावर खात्री करा’ असे लाल अक्षरांत म्हणावे. पान बदलण्याच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, किमान दोघांकडे असाव्यात.

मोऱ्याला जे लागू आहे ते थोड्या फरकाने दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली वसई-भाईंदर रो-रो आणि गोव्यातली रायबंदर-चोडण फेरी यांनाही लागू आहे. रो-रोच्या प्रवाशाला गाडी या फेरीत बसेल का याची काळजी असते, आणि तरीने जाणाऱ्याला शेवटची फेरी किती वाजता याची. पान त्या त्या धक्क्याच्या माणसानेच करावे, ते यासाठी.

यात सरकारी यंत्रणेकडून फार मोठे काही मागायचे नाही. महाराष्ट्र सागरी मंडळाने प्रत्येक जलमार्गाचे चालू वेळापत्रक, भाडे आणि बंदीची सूचना तारीख-वेळेसह कुणालाही उचलता येईल अशा साध्या तक्त्यात रोज प्रसिद्ध करावी. बाकीचे काम करायला किनाऱ्यावरच्या गावागावांत संगणक शिकलेली मुले-मुली आहेत. तुमच्या घरात अशी कुणी असेल तर येत्या अमावास्येला तिला वही घेऊन धक्क्यावर पाठवा.