खाऱ्या पाण्यातली बीएस्सी

समुद्रविज्ञानाच्या पदवीला प्रवेश घेताना मुलांच्या डोळ्यांपुढे डॉल्फिन नाचत असतात. पहिल्या वर्षी समोर येतं ते गणित! लाटा आणि प्रवाह कळायला दुसरा रस्ताच नाही. जोडीला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र. एका पदवीत इतकी विज्ञानं मिळणं ही चंगळच म्हणायची.

वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात हे शिक्षण थेट मेनाय सामुद्रधुनीच्या काठावर चालतं. तिथे भरती दोन्ही टोकांनी आत शिरते, म्हणजे अभ्यासक्रमातला एक धडा खिडकीबाहेरच! विद्यापीठाच्या जहाजाचं नाव ‘प्रिन्स मॅडॉग’. दंतकथा सांगते, की हा वेल्श राजपुत्र कोलंबसच्या तीनेकशे वर्षं आधी अमेरिकेला पोचला होता.

संशोधन जहाजावरचं हुकमी यंत्र म्हणजे सीटीडी. खारेपणा मोजायला ते पाणी आटवत बसत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते, यावरून खारेपणा ठरतो. पण विद्यार्थ्यांचा जीव अडकलेला असतो यंत्राला बांधलेल्या पिशवीत. तिच्यात त्यांनी रंगवलेले थर्मोकोलचे कप असतात. समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. दोन-तीन किलोमीटर खोल जाऊन आलेल्या कपातली हवा पिळून निघते आणि तो चित्रासकट आक्रसून इवलासा होतो. दाबाचा धडा याहून झकास कोण शिकवणार?

‘चॅलेंजर’ जहाजाने 1872 ते 1876 या काळात जगभरातून पाणी गोळा केलं. विल्यम डिटमार यांनी त्यातले 77 नमुने तपासले. निष्कर्ष असा, की खारेपणा कमीजास्त असला तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच. आपल्याकडे बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कमी खारट आहे. गंगा-ब्रह्मपुत्रा त्यात गोडं पाणी ओततात ना!

आणखी एक मौज रत्नागिरीसमोरच आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. मोसमी वारे फिरले, की उत्तर हिंदी महासागरातले प्रवाहही फिरतात. हा समुद्र अभ्यासायला कोकणातली पोरं मोठ्या संख्येने यायला हवीत, असं मनापासून वाटतं.

भारतात या विषयाची वाट बहुधा एमएस्सीला फुटते, उदाहरणार्थ गोवा विद्यापीठात. म्हणून बीएस्सी कुठल्या गावात केली, याने अडत नाही. अदिती पंत जन्मल्या नागपुरात आणि बीएस्सी झाल्या पुण्यात. ॲलिस्टर हार्डी यांच्या ‘द ओपन सी’ या पुस्तकाने त्यांना समुद्राची ओढ लावली. मग हवाई विद्यापीठ, पुढे गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. 1983 मध्ये भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेवर पहिल्यांदाच स्त्री शास्त्रज्ञ निघाल्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या अदिती पंत.