यंत्र पोटात, पण पंखा कोठे?

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातील गोष्ट. संध्याकाळची दिवेलागण झाली होती आणि मी सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. तोच माझा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. शाळेत असताना हा मुलगा शेवटच्या बाकावर बसे. वडील शापोरा नदीच्या मुखाशी रापण ओढणारे. घरात समुद्राखेरीज दुसरी शेती नाही. दहावीनंतर तो तारवटी म्हणून परदेशी जहाजांवर गेला. दहा वर्षे खारा वारा खाऊन आता कायमचा घरी परतला होता.

नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्याने पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. पर्यटकांना खोल समुद्रात गरीने मासे धरण्यासाठी नेण्याचा धंदा त्याला काढायचा होता. अठ्ठावीस फुटांचे फायबरचे सांगाडेवजा तारू त्याने विकत घेऊन ठेवले होते; इंजिन तेवढे बसवायचे राहिले होते. जहाजावरची शिल्लक, बँकेचे कर्ज आणि आईच्या चार पाटल्या एवढे सारे त्या तारवात गुंतले होते. समोरचे दोन कागद म्हणजे दोन इंजिनांची दरपत्रके होती. एक 'स्टर्नड्राइव्ह'चे आणि दुसरे 'इनबोर्ड'चे.

मी हसून म्हणालो, "अरे, मराठीच्या एम. ए.ला यातले काय कळणार?"

तो म्हणाला, "सर, कळायला नकोच. मी सांगतो, तुम्ही फक्त शंका काढा. माझ्या बोलण्यात विसंगती दिसली की वर्गात दाखवत होता तशी दाखवा."

त्या एका वाक्याने मी जिंकला गेलो. पुढचे तीन-चार आठवडे मी त्या विषयाचा विद्यार्थी झालो. जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो. बेळगाव-इंदूरकडच्या आमच्या वाचकांना वाटेल, समुद्राचे वारेही न लागलेल्या आम्हांस याचे काय? परंतु आयुष्यभराची पुंजी एका निर्णयात घालण्याचा प्रसंग कोणाच्या घरात येत नाही?

दोन पद्धती

दोन्ही पद्धतींत यंत्र होडीच्या पोटातच असते. फरक आहे तो त्याची शक्ती पाण्यातल्या पंख्यापर्यंत कशी पोचते, यात.

इनबोर्ड पद्धतीत यंत्र बहुधा होडीच्या मध्यभागी बसते. त्यातून एक सरळ पोलादी दांडा, म्हणजे शाफ्ट, तिरका खाली जातो, तळाला भोक पाडून बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाला काशाचा पंखा फिरतो. पंख्याच्या मागे सुकाणू. आपल्या धक्क्यांवरच्या ट्रॉलरांत हीच रचना असते. तत्त्व जुनेच आहे. स्वीडनमध्ये जन्मलेले जॉन एरिक्सन आणि इंग्लंडचे फ्रान्सिस पेटिट स्मिथ या दोघांनी १८३६ साली स्वतंत्रपणे अशा मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. पुढे बहुतेक जहाजे याच मार्गाने चालू लागली.

स्टर्नड्राइव्ह ही त्या मानाने कालची मुलगी. हिच्यात यंत्र होडीच्या अगदी मागच्या फळीला टेकून आत बसते आणि फळीबाहेर आउटबोर्ड मोटरीच्या खालच्या भागासारखा एक पाय पाण्यात लोंबतो. शक्ती आडवी बाहेर येते, दात्यांच्या चाकांवरून काटकोनात खाली वळते आणि पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. सुकाणू निराळे नसते. सारा पायच डावी-उजवीकडे वळतो. जिम विन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवरून स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटा कंपनीने 'अक्वामॅटिक' या नावाने ही रचना १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडली. १९६१ साली 'मर्क्रूझर' बाजारात आली आणि अमेरिकेतील तळ्या-सरोवरांवर या पद्धतीचे राज्य सुरू झाले.

"मग आउटबोर्ड का नको?" ही माझी पहिली शंका. ती अनाठायी नव्हती. अमेरिकेत समुद्रावर हौसेने मासे धरणारे आज मोठ्या संख्येने आउटबोर्डकडे वळले आहेत. २०२१ साली तर सहाशे अश्वशक्तीचीही आउटबोर्ड निघाली. परंतु या तारवाची बांधणी आतल्या यंत्रासाठी झालेली होती. शिवाय त्या मोठ्या मोटरी पेट्रोलवर चालतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती बंदिस्त जागेत तळाशी साचते. म्हणूनच पेट्रोलचे यंत्र पोटात असलेल्या होडीत ते सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा लावून हवा बाहेर काढण्याचा दंडक आहे. परक्याची मुलेबाळे घेऊन जायचे तर डिझेलच बरे, हे त्याने आधीच ठरवले होते.

वहीतला हिशेब

स्टर्नड्राइव्हची बाजू त्याने मोठ्या उत्साहाने मांडली. तिचा पंखा पाण्याला समांतर ढकलतो. इनबोर्डचा शाफ्ट दहा-पंधरा अंशांनी तिरका असतो, म्हणून काही जोर फुकट जातो. गणिताच्या आमच्या सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी बारा अंशांचा कोन धरून सांगितले की, नुसत्या तिरकेपणाने शंभरात दोनच भाग जातात. खरे नुकसान निराळे आहे. तिरक्या पंख्याची पाती एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी जोर लावतात. त्यात शाफ्ट, त्याचा आधार आणि सुकाणू हे सारे पाण्यातून ओढत न्यावे लागते. म्हणून तेवढ्याच शक्तीत स्टर्नड्राइव्हची होडी अधिक वेगाने पळते. शिवाय तिचा पाय वर उचलता येतो. शापोऱ्याच्या मुखावर वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. ओहोटीला तेथे हा गुण सोन्याचा.

मी म्हटले, "सोन्याचा असेल, पण तोळे किती ते काढू." आम्ही वही घेतली. डिझेल इंजिन शंभर अश्वशक्ती देताना ताशी सुमारे वीस लिटर तेल पिते. समजा, स्टर्नड्राइव्हमुळे त्यात दहावा हिस्सा वाचला, म्हणजे ताशी दोन लिटर. पाच तासांची एक फेरी, हंगामात दीडशे फेऱ्या. वर्षाला दीड हजार लिटर! त्याचा चेहरा उजळला.

तेव्हा मी विचारले, "पाचही तास तू होडी पळवणार का?"

तो थांबला. गरीच्या मासेमारीत जाताना-येताना वेग लागतो. मधला वेळ इसवणीसाठी गळ ओढत सहा-सात नॉटच्या संथ गतीने फिरायचे किंवा खडकाळ जागी तांबोशीसाठी उभे राहायचे. त्या वेळी वेगाचा लाभ जवळपास संपतो. वेगाचे तास दोनच. दीड हजारांचे सहाशे लिटर झाले. रक्कम लहान नव्हे. पण स्वप्नातील आकडा आणि वहीतील आकडा यांत किती अंतर असते, ते आम्हां दोघांनाही कळले.

खाऱ्या पाण्याची परीक्षा

मग एका रविवारी आम्ही धक्क्यावर गेलो. ट्रॉलरांची यंत्रे दुरुस्त करण्यात केस पिकलेले एक मिस्त्री तेथे आहेत. शाळा त्यांची चौथीपर्यंत. पण त्या सकाळी ते शिक्षक होते आणि मी शेवटच्या बाकावर.

त्यांनी सांगितलेले सार असे. स्टर्नड्राइव्हचा शक्तिदांडा जेथे फळीतून बाहेर पडतो, तेथे बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा रबरी घडीदार भाता असतो. पाय वळतो, उचलला जातो, तसा तो भाता लवतो. दर दोन-तीन वर्षांनी तो बदलावाच लागतो. चिरला आणि लक्ष गेले नाही, तर उभ्या होडीत पाणी शिरून ती धक्क्यालाच बुडू शकते. इनबोर्डच्या जुन्या पद्धतीच्या ग्लँडमधूनही पाणी येते. पण चालत्या होडीत ते थेंबथेंब येणे अपेक्षितच असते. थेंब वाढले की ग्लँड आवळायची. तेथे धोका आधी दिसतो, मग येतो.

दुसरी गोष्ट धातूची. स्टर्नड्राइव्हचा पाय बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. खाऱ्या पाण्यात निरनिराळे धातू जवळ आले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. तो वाचावा म्हणून जस्ताचे किंवा विशिष्ट ॲल्युमिनियमचे तुकडे त्याला जोडतात. ते स्वतः झिजतात आणि पायाला राखतात. परंतु आपल्या नद्या पावसाळ्यात गोड होतात, आणि गोड्या पाण्यात जस्तावर थर चढून त्याचे काम थांबते. कवचाचे जीव चिकटू नयेत म्हणून होडीच्या तळाला तांबेयुक्त रंग देतात. तोच चुकून ॲल्युमिनियमच्या पायाला लागला तर पायच खाल्ला जातो. होडी रोज पाण्याबाहेर काढून गोड्या पाण्याने धुता आली, तर यातले निम्मे दुखणे उरत नाही. पण ही होडी रात्रंदिवस नदीतच नांगरून राहणार होती.

तिसरी गोष्ट कामाची. मासा गळाला लागला की झुंज होते ती मागच्या बाजूला. स्टर्नड्राइव्हचे यंत्र नेमकी तीच जागा अडवते आणि तिचा पंखा फळीच्या मागे असल्याने दोरी त्यात सापडण्याची भीती अधिक. मागे भार जास्त, म्हणून मासा ओढला जाऊ नये यासाठी होडी वेगाने मागे घेताना पाणी आत येऊ शकते. इनबोर्डचे वजन मध्यभागी, पंखा होडीखाली, मागची जागा मोकळी.

निघताना मी विचारले, "मिस्त्री, तुम्ही असतात तर काय घेतले असते?" ते म्हणाले, "मास्तर, शाफ्ट वाकला तर मी तो दोन दिवसांत काढून सरळ करून आणीन. तो पाय मोडला तर त्याचे दाते परदेशातून यायचे. तोवर याची गिऱ्हाइके थांबतील, बँकेचा हप्ता थांबेल काय?"

निर्णय आणि त्याची किंमत

मी निर्णय दिला नाही. त्याच्याच वहीत चार प्रश्न लिहून दिले. होडी रात्री कोठे झोपणार? कोणत्या पाण्यात वावरणार? तिचे खरे काम कोणते? आणि आजारी पडली तर तिचा वैद्य किती दूर? तळ्याकाठी राहणारा, होडी गाडीवर घालून घरी आणणारा, कुटुंबासह घटकाभर वेगाने फिरणारा कोणी असता, तर याच प्रश्नांचे उत्तर स्टर्नड्राइव्ह असे आले असते. पद्धत चांगली किंवा वाईट नसते. ती जागेला लागू पडते किंवा पडत नाही.

आठवड्याने तो आला. त्याने इनबोर्ड घेण्याचे ठरवले होते. सहाशे लिटर तेलाचा तोटा त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून त्याखाली रेघ ओढली होती. ते पाहून मला त्याच्या निर्णयापेक्षाही अधिक आनंद झाला. काय गमावतो आहोत हे ज्याने लिहून ठेवले, तो पुढे नशिबाला दोष देत नाही.

नारळी पौर्णिमेला त्याच्या आईने नारळ अर्पण केला आणि पावसाळा सरल्यावर होडी धंद्याला लागली. सारे सुरळीत झाले असे मात्र सांगत नाही. पहिल्याच महिन्यात एका पहाटे भरतीचे गणित चुकले. मुखावर पाणी उथळ, पंखा वर उचलता येत नाही आणि होडीत सहा पाहुणे. दांड्याअलीकडे नांगर टाकून दोन तास थांबावे लागले. पाहुण्यांपैकी एकाने पैसे परत मागितले. याने मुकाट्याने दिले. दुसऱ्या दिवसापासून भरती-ओहोटीचे कोष्टक त्याच्या घरी कालनिर्णयाशेजारी टांगलेले आहे आणि आदल्या रात्री ते वाचून दाखवण्याचे काम त्याच्या सातवीतल्या मुलीकडे आहे.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तो पुन्हा आला. हाती दरपत्रके नव्हती. केळीच्या पानात बांधलेली इसवण होती. त्याने सांगितले की, चारांपैकी दोन पाटल्या सुटल्या. उरलेल्या दोनही येत्या हंगामात सुटतील असा त्याचा हिशेब आहे. मी तो हिशेब पाहायला मागितला. त्याने हसत खिशातून वही काढली आणि आम्ही दोघे दिव्याखाली बसलो.