परगावी जाताना मोटारसायकल कशी ठेवावी?

कोकणातील आपले अनेक बंधू जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीस असतात. भिवंडी-मालेगावचे व्यापारी हजसाठी चाळीसेक दिवस घराबाहेर राहतात. मागे मोटारसायकल दारात उभी असते आणि परत आल्यावर ती सुरू होत नाही. चालून जेवढी गाडी खराब होत नाही, तेवढी उभी राहून होते. दहा-पंधरा दिवसांचा प्रवास असेल तर काही करण्याची गरज नाही. महिन्याहून अधिक असेल तर निघण्यापूर्वी अर्धा दिवस काढावा.

मुख्य प्रश्न पेट्रोलचा. आज आपल्याकडील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल ओढून घेते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होते आणि टाकीच्या तळाशी बसते. पत्रा तिथेच गंजतो आणि इंजिनला पेट्रोलही तिथूनच जाते. म्हणून अर्धवट भरलेली टाकी सर्वात वाईट, कारण रिकाम्या जागेत दमट हवा राहते. टाकी भरावी, वर बोटभर जागा सोडावी. कार्बोरेटरची जुनी गाडी असल्यास पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. नाहीतर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेटची बारीक भोके बुजतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असते, त्यांना हा इलाज लागू नाही. वर्षाहून अधिक काळ जाणाऱ्यांनी मेकॅनिककडून टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवून घ्यावा.

मात्र भरल्या टाकीची गाडी कापडाच्या गोदामात किंवा यंत्रमागाच्या शेडमध्ये कधीही ठेवू नये. जागा आहे म्हणून आपले लोक सर्रास ठेवतात. पेट्रोलची वाफ, कापसाची फुसी आणि एक ठिणगी एवढे एकत्र आले तर गाडीबरोबर मालही जाईल.

इंजिन ऑइल निघण्यापूर्वीच बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल व ओल असते, ते महिनोन्महिने आत राहणे बरे नाही. बॅटरी काढून घरात ठेवावी. काढताना आधी वजा टोकाची वायर सोडावी, बसवताना ती शेवटी जोडावी. महिन्यातून एकदा ती चार्ज करण्याची जबाबदारी घरातील कोणावर तरी सोपवावी.

घरच्या मुलाला “दर जुम्म्याला दोन मिनिटे सुरू करत जा” असे सांगून जाण्याची आपल्याकडे रीत आहे. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन नीट तापले नाही तर ते पाणी तेलात आणि सायलेन्सरमध्ये साचते. सेल्फ स्टार्टला बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढी दोन मिनिटांत भरतही नाही. लायसन्स असलेला माणूस घरात असेल तर त्याने पंधरवड्यातून अर्धा तास रस्त्यावर फिरवावी, नाहीतर हात लावू नये.

गाडी मधल्या स्टँडवर, चाकांखाली फळी टाकून उभी करावी. कापडाच्या गाठी आपण जमिनीवर ठेवत नाही, तसेच हे. चेन पुसून तेल द्यावे, पण ब्रेकच्या डिस्कला तेल लागू देऊ नये. सायलेन्सरचे तोंड प्लॅस्टिकने बांधून त्यावर लाल चिंधी बांधावी, म्हणजे परत आल्यावर काढायची आठवण राहील. आता झाकण्याविषयी, आणि हा तर आमच्याच धंद्याचा विषय. बाजारात मिळणारे प्लॅस्टिकचे कव्हर ओल आत कोंडते. छपराखाली गाडी असेल तर जाड मांजरपाट उत्तम, त्यातून हवा खेळते. गाडी उघड्यावर असेल तर मात्र तेच कापड भिजून गंज चढवील.

विम्याची तारीखही पाहून ठेवावी. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो, आणि थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणे मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गुन्हा आहे. परतल्यावर पहिली किक मारण्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा. उंदरांना ती जागा फार आवडते.