प्रार्थनेची हजेरी

‘तुम्ही मशिदीत जाता का हो?’ कविसंमेलनानंतर चहा पिताना हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. मी किती धार्मिक आहे, हे विचारणाऱ्याला मोजायचं असतं. माझ्या ख्रिस्ती मित्रांना हेच चर्चविषयी विचारतात. जाणारा तो श्रद्धाळू, न जाणारा तो नास्तिक, असा सोपा हिशेब आपण मांडून ठेवला आहे.

पण ‘जाणं’ सगळीकडे सारख्या वजनाचं नसतं. कॅथलिक माणसाला रविवारच्या मिस्साला जाणं हे कर्तव्य आहे. मुसलमान पुरुषाला शुक्रवारची जुम्म्याची नमाज चारचौघांसोबतच पढावी लागते, ती एकट्याने होत नाही. हिंदूंच्या घरात देव्हारा असतो. देवळाची पायरी न चढताही रोजची पूजा पूर्ण होते. मग एकच माप सगळ्यांना कसं लावणार?

माझ्याच घरातलं सांगतो. मी जुम्मा सहसा चुकवत नाही, पण पाच वेळची नमाज माझ्याकडून रोज होत नाही. माझी पत्नी पाचही वेळा घरात मुसल्ला अंथरते. आपल्याकडच्या बहुतेक बायकांसारखी तीही मशिदीत जात नाही. हजेरी घेतली तर मी हजर आणि ती कायमची गैरहजर! यातून कोणाची श्रद्धा मोजली गेली?

शिवाय नुसतं हजर असणं म्हणजे प्रार्थना नव्हे, हे धर्मसंस्थांनाही ठाऊक आहे. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली. लोकांनी उपासनेत समजून-उमजून भाग घ्यावा, असं तिने १९६३मध्ये सांगितलं आणि लॅटिनसोबत लोकभाषांना वाट करून दिली. म्हणून आज वसईत मिस्सा मराठीत ऐकू येतो. आमची नमाज अरबीत आहे आणि ती तशीच राहणार. पण नमाजनंतर हात पसरून मागायची दुआ आपल्या भाषेत मागता येते. मी ती मराठीत मागतो. माझं दुःख मला याच भाषेत कळतं.

मग जायचं तरी कशाला? याचं उत्तर २०२०ने दिलं. मार्चमध्ये सगळी प्रार्थनास्थळं बंद झाली. महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. आम्ही जुम्म्याऐवजी घरीच दुपारची जोहरची नमाज पढलो. ख्रिस्ती मित्रांनी मिस्सा मोबाइलवर पाहिला, पण पडद्यातून ख्रिस्तप्रसाद हातात येत नव्हता. आषाढीला पालख्या एस.टी.ने पंढरपूरला गेल्या. देव कुणाचाच दुरावला नव्हता. हरवला होता तो शेजारचा खांदा, सफेत उभा असलेला, बाकावर बसलेला, दिंडीत चालणारा.

हा खांदा शेवटी फार लागतो. आमच्या मोहल्ल्यात एक गृहस्थ होते, ईद सोडली तर मशिदीत कधी न दिसणारे. ते गेले तेव्हा कुणीतरी पुटपुटलं, ‘हे कुठे कधी यायचे?’ एक बुजुर्ग म्हणाले, ‘ते अल्ला बघेल. तू आधी खांदा दे.’ बुजुर्गांचं म्हणणं धर्माला धरूनच होतं. जनाज्याची नमाज फर्जे किफाया आहे. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली, तर सगळ्यांची जबाबदारी उतरते; कोणीच केली नाही, तर सगळेच गुन्हेगार ठरतात. म्हणजे तिथे जबाब मयताने द्यायचा नसतो, मागे राहिलेल्यांनी द्यायचा असतो.

म्हणून कुणी चर्चला, मशिदीला, देवळात जातो का, हे मी विचारत नाही. जाणाऱ्याने जरूर जावं. येताना न आलेल्याच्या दारावर एकदा टकटक करावी आणि ‘बरा आहेस ना?’ एवढंच विचारावं.