मावळातील दुर्मीळ पक्षी : वर्षभराची कौटुंबिक भटकंती

पक्ष्याची दुर्मीळता संख्येइतकीच ऋतूवरही अवलंबून असल्याने, मावळात वर्षभर सहकुटुंब हिंडणाऱ्या निरीक्षकांना एकाच वाटेवर वेगवेगळे पक्षी आढळतात.

लोणावळ्याच्या ओढ्यांकाठचा निवासी, म्हणजे बारमाही राहणारा, शीळकरी कस्तूर पावसाळ्यात विणीच्या काळात मुक्तपणे गातो, तर हिवाळ्यात जलाशयांवर उत्तरेकडून स्थलांतर करून येणारे चक्रवाक दिसू शकतात.

लांब चोचीच्या गिधाडाची दुर्मीळता मात्र मानवनिर्मित आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणारा हा पक्षी, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलेली मृत जनावरे खाल्ल्याने मूत्रपिंडे निकामी होऊन देशभर झपाट्याने घटला, म्हणून 2006 मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली.

घरट्यांजवळ जाणे सर्वांनी टाळावे. अनोळखी पक्ष्यांविषयीचे प्रश्न स्थळ व महिन्यासह अवश्य विचारावेत.