बोला, काय देताय?

कम्प्युटरशी लढाई सगळेच खेळतात. पण त्याच्याशी तह करायचा, त्याला माल विकायचा, त्याची मर्जी सांभाळायची, ही गंमत वेगळीच! स्ट्रॅटेजी गेम्समधल्या या बाजारात एक चक्कर...

शुक्रवारची रात्र. साडेबारा वाजून गेलेत. बाणेरच्या एका टू बीएचकेमध्ये माझा एक मित्र लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलाय. बाजूला गार झालेली मॅगी. मला वाटलं, रिलीज फसला असणार. आयटीवाल्यांचा चेहरा असा एरवी कधी होत नाही. विचारलं, तर म्हणाला, ''मोंटेझुमानं दगा दिला यार!''

मोंटेझुमा म्हणजे अॅझटेक लोकांचा राजा. इतिहासातला नव्हे, 'सिव्हिलायझेशन ४'मधला. हा गेम आला २००५मध्ये, पण मित्राच्या लॅपटॉपवर अजून ठाण मांडून आहे. गेममधली दोन हजार वर्षं मित्रानं या शेजाऱ्याची मर्जी सांभाळली होती. त्याचा धर्म स्वीकारला, मागेल तेव्हा सोनं दिलं, वर आपल्याकडचे घोडेही फुकटात पुरवले. मोंटेझुमा 'खूश' आहे, असं स्क्रीनवर स्पष्ट दिसत होतं. आणि एका टर्नला त्याची फौज थेट सीमेवर! ''मी दिलेल्या घोड्यांवर बसून आला रे!'' मित्राचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

मला आधी जाम हसू आलं. पण मग लक्षात आलं, की दोन शहरं गेल्याचं त्याला एवढं वाईट वाटत नव्हतं. 'मी याच्याशी इतका चांगला वागलो, तरी?' हा प्रश्न त्याला छळत होता. समोर माणूस नाही, एक प्रोग्रॅम आहे, हे पक्कं ठाऊक असूनही!

सगळं वहीत लिहिलंय

'सिव्हिलायझेशन' ही सिड मायरची गेम सीरीज १९९१मध्ये सुरू झाली. एक छोटीशी टोळी घ्यायची आणि तिला अश्मयुगापासून अवकाशयुगापर्यंत न्यायचं, हा तिचा फंडा. वाटेत दुसरे राजे भेटतात. त्यांच्याशी लढता येतं, तसा धंदाही करता येतो. तांदूळ द्या, लोखंड घ्या. लेखनकला शिकवा, गणित शिका.

चौथ्या भागाची गंमत अशी, की यातला प्रत्येक कम्प्युटर राजा वाण्यासारखी वही ठेवतो. आणि ती आपल्याला उघडून दाखवतो! त्याच्या नावावर माऊस नेला, की हिशोब समोर. आपला धर्म एक आहे, अधिक इतके. तुमची सीमा आमच्या फार जवळ आली, उणे इतके. आमच्या शत्रूशी व्यापार केलात, उणे. अडचणीत मदत नाकारलीत, उणे. बेरजेवरून तुमचं नातं ठरतं: संतप्त, नाराज, सावध, खूश किंवा जिवलग. काही आकडे तो पडद्याआड ठेवतो, नाही असं नाही. पण दिसतात तेवढेही पुष्कळ.

या वहीतली सगळ्यात जाचक नोंद म्हणजे शत्रूशी केलेला व्यापार. समजा, 'अ' आणि 'ब'चं एकमेकांशी अजिबात पटत नाही. तुम्ही बिचारे दोघांनाही साखर विकताय. तुमच्या दृष्टीनं हा साधा धंदा. पण 'अ'च्या वहीत तुमच्या नावापुढं उणे लागतं आणि 'ब'च्याही! मग एक दिवस 'अ' येतो आणि म्हणतो, त्याच्याशी व्यवहार बंद करा. हो म्हटलं, तर 'ब' चिडणार. नाही म्हटलं, तर 'अ'च्या वहीत आणखी एक उणे. सगळ्यांशी गोड राहणाऱ्याचे इथं सगळ्यात जास्त हाल होतात. ऑफिसात दोन ग्रुप असतील आणि दोघांबरोबर लंचला जायची सवय असेल, तर वेगळं सांगायला नकोच.

ओळखीचे चेहरे

प्रत्येक राजाचा स्वभावही वेगळा. मालीचा मन्सा मुसा म्हणजे हाडाचा व्यापारी. ज्ञानाची देवाणघेवाण करायला हा सदैव तयार. नवं काही शिकला, की तुम्ही विचारायचाच अवकाश! पण तो ते तुमच्या शत्रूलाही तितक्याच आनंदानं विकतो. जपानचा तोकुगावा दारं-खिडक्या लावून बसलेला. साधी ये-जा करू द्यायची तरी शंभर नखरे. स्पेनच्या इसाबेलाचं सगळं गणित धर्मावर. धर्म एक असेल, तर जीव ओवाळून टाकेल. वेगळा असेल, तर तुमचं काही खरं नाही.

आणि मोंटेझुमा? इथंच माझा मित्र फसला. गांधी किंवा मन्सा मुसासारखे काही राजे 'खूश' असले, की तुमच्यावर चालून यायचा बेत आखत नाहीत. मोंटेझुमा त्या यादीत नाही. तो खूश असतानाही तलवारीला धार लावत असतो. म्हणजे स्क्रीनवरचा शब्द खरा होता. त्या शब्दाची किंमत माणसागणिक वेगळी असते, एवढंच मित्र विसरला.

बरं, मोंटेझुमानं इशारा दिला नव्हता असंही नाही. जुन्या खेळाडूंची एक युक्ती आहे. शेजाऱ्याला सहज विचारायचं, 'अमक्याविरुद्ध लढाईत उतरतोस का?' त्याची कुणाशीच लढाई चालू नाही, आणि तरी उत्तर आलं, की 'आत्ता आमच्याच हातात पुष्कळ काम आहे', तर समजायचं, स्वारीची तयारी सुरू झालीय. कुणावर, ते तो सांगत नाही. ते आपण नकाशा बघून ओळखायचं! मित्राला हे उत्तर दोनदा मिळालं होतं. त्याला वाटलं, बिझी असेल बिचारा.

गांधींचा विषय निघालाच आहे, तर एक किस्सा. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये एका बगमुळं गांधींची आक्रमकता शून्याखाली घसरून एकदम २५५ झाली आणि ते अणुबॉम्ब टाकत सुटले, ही गोष्ट जगभर फिरली. सिड मायरनं २०२०मध्ये आपल्या आत्मकथनात सांगून टाकलं, की असा बग नव्हताच! मात्र २०१०च्या पाचव्या भागात गांधींना अण्वस्त्रप्रेमासाठी १०पैकी चक्क १२ मार्क दिले गेले. हा निव्वळ चावटपणा.

आणि हो, यात मराठेही आहेत. २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये आपण १७०० सालापासून मराठ्यांचं राज्य चालवू शकतो. युरोपातल्या सत्तांशी व्यापारी करार करायचे आणि मोगलांना तोंड द्यायचं. तिथला कम्प्युटर मात्र भलताच हट्टी. हातात एकच प्रांत उरला, तरी तहाला तयार होत नाही, ही खेळणाऱ्यांची जुनी कुरकुर.

अजून काय दिलं तर जमेल?

'सिव्हिलायझेशन'च्या सौद्याच्या स्क्रीनवर एक पर्याय असतो. आपण मांडलेला सौदा समोरच्याला पसंत नसेल, तर सरळ विचारायचं, 'काय केलं तर हे जमेल?' तो आपली मागणी सांगून मोकळा. उलटंही विचारता येतं, 'या बदल्यात तुम्ही काय द्याल?' मंडईत भाजी घेताना आपण हे बिनधास्त करतो. अप्रेजलच्या मीटिंगमध्ये मात्र तोंडातून शब्द फुटत नाही.

यात कमाईही सॉलिड होते. एकच शोध लावायचा आणि पाच राजांना एकाच टर्नला विकायचा. प्रत्येकाकडून वेगळी विद्या घ्यायची. एका टर्नमध्ये पाच पावलं पुढं! ही दलाली इतकी वाढली, की २००७च्या 'बियाँड द स्वोर्ड'मध्ये दुसऱ्याकडून मिळवलेली विद्या पुढं विकायला बंदी घालण्याचा पर्याय द्यावा लागला. कम्प्युटरही तसा भोळा नाही. फार विद्या गोळा करायला लागलात, की तो म्हणतो, 'तुम्ही फारच पुढं चाललात' आणि दुकान बंद करतो.

मग लबाड कोण? खरं सांगायचं तर आपणच! पाचव्या भागात एक युक्ती गाजली. आपल्याकडची चैनीची वस्तू किंवा दर टर्नला थोडं थोडं सोनं देण्याचं कबूल करायचं, बदल्यात समोरच्याकडून सगळं सोनं एकरकमी घ्यायचं आणि लगेच त्याच्याशी युद्ध पुकारायचं. करार रद्द, सोनं खिशात. त्याच्याच पैशांनी सैनिक उभे करून त्याच्यावरच हल्ला! शेवटी २०१३च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये नियम आला, की जाहीर मैत्री असल्याशिवाय कुणी एकरकमी सोनं देणार नाही. थोडक्यात, आधी ओळख, मग उधारी. मोंटेझुमाला शिव्या देणारा माझा मित्र ही युक्ती कित्येकदा वापरून चुकलाय, हे सांगायलाच हवं.

वही मिटली की...

पाचवा भाग आला, तेव्हा ही प्लस-मायनसची वही मिटलेली होती. डिझायनर जॉन शेफरला वाटत होतं, की राजे माणसांसारखे वाटावेत. माणूस थोडाच आपल्या मनातले मार्क दाखवतो? पण खेळणारे वैतागले. कालचा मित्र आज का उलटला, काही कळायला मार्ग नाही. पुढं शेफरनं स्वतःच मान्य केलं, की यात चूक झाली. कारण दिसत नसेल, तर हुशारीनं केलेली चाल आणि लहर यांत खेळणाऱ्याला काही फरक वाटत नाही. नंतरच्या पॅचमध्ये कारणं दिसू लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये सातवा भाग आला, तेव्हा तर सोनं आणि विद्येची जुनी घासाघीसच गायब होती. त्याजागी 'इन्फ्लुएन्स' नावाचं वेगळं चलन. म्हणजे वजन कमवा आणि वजन खर्च करा!

दरम्यान, कम्प्युटर बोलायलाही शिकला. 'डिप्लोमसी' हा अॅलन कॅलहॅमरचा बोर्ड गेम १९५९पासून बाजारात आहे. यात फासे नाहीत. सात जण, युरोपचा नकाशा आणि नुसत्या गप्पा. दिलेला शब्द पाळायचं बंधन कुणावरच नाही. २०२२मध्ये मेटा कंपनीचा 'सिसेरो' हा प्रोग्रॅम माणसांबरोबर ऑनलाइन ४० डाव खेळला. साध्या इंग्रजीत गप्पा मारून त्यानं मैत्री केली, योजना आखल्या आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्या खेळाडूंमध्ये पहिल्या १० टक्क्यांत जागा पटकावली. त्याला बहुतांशी प्रामाणिक राहायला शिकवल्याचं सांगितलं गेलं. पण २०२४मध्ये संशोधकांनी एका निबंधात त्याची लबाडी उघड केली. एकाला संरक्षणाचा शब्द द्यायचा आणि त्याच्याच विरुद्ध दुसऱ्याशी संगनमत करायचं, असले उद्योग. एकदा तर यंत्रणा दहा मिनिटं बंद पडली होती. कुठं होतास, असं विचारल्यावर पठ्ठ्या म्हणाला, गर्लफ्रेंडशी फोनवर बोलत होतो!

मोंटेझुमा परवडला, असं वाटायला लावणारी ही गोष्ट. त्यानं धोका दिला, पण निदान खोटं कधी बोलला नाही.

शेवटी सौदा झाला का?

त्या रात्री गार मॅगी संपवताना मित्र एकदम म्हणाला, ''चार वर्षं झाली. दर वर्षी मॅनेजर सांगतो, आम्ही तुझ्यावर खूश आहोत. आणि प्रमोशन दर वेळी दुसऱ्यालाच.'' मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

पुढच्या अप्रेजलला त्यानं गेममधला तो प्रश्न विचारला. नाराजी नाही, तक्रार नाही. ''काय केलं तर हे जमेल?'' मॅनेजर जरा गोंधळला. पण चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. एक, क्लायंटसमोर स्वतः बोलायला लाग. दुसरी, वर्षभर चेन्नईच्या टीममध्ये जा. पहिली सुरू झालीय. दुसरीवर घरी रोज चर्चा चालू आहे, कारण आईची तब्येत बरी नसते. सौदा झाला, असं काही म्हणता येणार नाही. पण निदान वही उघडली.

आणि मोंटेझुमा? नवा गेम सुरू झालाय. पुन्हा तोच शेजारी निघाला. या वेळी घोडे द्यायचे नाहीत, असं ठरलंय!

सौद्याला बसताना

• शेजाऱ्याचा स्वभाव आधी ओळखा. सगळ्यांचं 'खूश' सारखं नसतं.

• ज्या वस्तूनं तो उद्या तुमच्यावरच चालून येईल, ती फुकटात देऊ नका. घोडे, लोखंड जपून!

• दोन शत्रूंशी एकाच वेळी धंदा करायचा, तर दोघांच्या वहीतलं उणे गृहीत धरा.

• 'काय दिलं तर जमेल?' हे विचारायला पैसे पडत नाहीत. फार तर नाही म्हणेल.

• रात्री एकनंतर 'अजून एकच टर्न' म्हणू नका. हा तह आजवर कुणीच पाळलेला नाही!