न झालेली वाटणी

सातबाऱ्यावर चार भावंडांची नावं एकाखाली एक आहेत आणि त्यांच्यापुढे सामाईक क्षेत्र म्हणून एकच आकडा आहे: दोन हेक्टर. यातला थोरल्याचा तुकडा कुठला, विहिरीकडचा की ओढ्याकडचा? गावात विचारलं तर उत्तर मिळतं, जो जिथं कसतो ते त्याचं. कायद्याचं उत्तर ऐकून मात्र थक्क व्हायला होतं. थोरल्याचा म्हणावा असा तुकडा त्या शेतात कुठेच नाही, आणि थोरल्याचा हिस्सा नाही अशी वीतभर जागाही तिथं नाही. बांधावरच्या बाभळीच्या मुळाशी, विहिरीच्या कठड्याखाली, दर ढेकळात चौघांचाही चौथा हिस्सा आहे. वाटप होईपर्यंत त्यावर बोट ठेवता येत नाही, तरी तो विकता येतो, वारशाने मिळतो आणि त्यासाठी कोर्टात भांडता येतं.

या एका कल्पनेतून किती गोष्टी निघतात पाहा. थोरला गावी राहून तीस वर्षं सगळी जमीन कसतो आहे, धाकटा मुंबईत नोकरीला. बारा वर्षं कब्जा राहिला की जमीन आपली, ही समजूत खेड्यापाड्यांत पक्की आहे. पण सहहिस्सेदारांमध्ये ती सहसा चालत नाही. एका वारसाचा कब्जा हा सगळ्यांच्या वतीने असलेला कब्जा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगितलं. थोरल्याने धाकट्याचा हक्क उघडपणे, त्याला कळेल असा नाकारला आणि त्यानंतर मुदत उलटली, तरच गोष्ट वेगळी. एरवी गावी पाऊल न टाकलेला भाऊही त्या शेताच्या कब्जात असतो, थोरल्याच्या नांगरामागून.

हा न दिसणारा हिस्सा मोजायचा कसा? त्यासाठी जुन्या दप्तरांत आणेवारी आहे. (पिकाचा अंदाज सांगणारी आणेवारी निराळी.) अख्खी जमीन म्हणजे एक रुपया, रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे एकूण १९२ पै. हा आकडा मला फार आवडतो. दोन, तीन, चार, सहा, आठ, बारा, सोळा, चोवीस, कुणीही वाटेकरी या, पै मोडावी लागत नाही. पाच भाऊ आले की मात्र पंचाईत. प्रत्येकाला तीन आणे दोन पै दिल्या तरी दोन पै उरतातच. दशमान नाणी १९५७ साली आली आणि आणे बाजारातून गेले, पण जमिनीच्या कागदांवर ते पुढेही राहिले.

याच आणे-पैंमध्ये एक खरा खटला मांडून पाहू. १९६० साली एक गृहस्थ वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, तीन मुली. पुढे त्या विधवा आईने सांगलीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावला: दोन घरं, एक जमीन, दोन दुकानं आणि इतर चीजवस्तू. मागणी होती चोवीसातल्या सात भागांची. खालच्या कोर्टाने दिला चोवीसावा एक भाग, म्हणजे रुपयात जेमतेम आठ पै. उच्च न्यायालयाने तिची पूर्ण मागणी मान्य केली: चार आणे आठ पै.

सातपट फरक, आणि तोही वडिलांच्या हयातीत कधी न झालेल्या एका वाटणीमुळे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात म्हटलं होतं की एकत्र कुटुंबातल्या पुरुषाचा हिस्सा काढायचा तर त्याच्या मृत्यूच्या अगदी आधी वाटणी झाली, असं समजायचं. तशी वाटणी झाली असती तर नवरा, बायको आणि दोन मुलगे असे चार समान वाटे पडले असते, प्रत्येकी चार आणे. त्या काळच्या कायद्यात मुलींना त्यात वाटा नव्हता. मग वडिलांचे चार आणे सहा वारसांत वाटले गेले, प्रत्येकी आठ पै. प्रश्न एवढाच होता की आईला फक्त या आठ पै मिळाव्यात, की कल्पनेतल्या वाटणीत तिच्या नावे पडलेले चार आणेही? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांनी निकाल दिला तो असा, की कल्पना करायची तर ती शेवटपर्यंत करा. हिशेबापुरती वाटणी मानायची आणि आईला द्यायची वेळ आली की ती झालीच नाही म्हणायचं, हे चालणार नाही.

न्यायाधीशांनी एका न घडलेल्या घटनेशी इतकं प्रामाणिक राहावं, याचं मला अपार कौतुक वाटतं. पण हेही विसरता येत नाही, की त्या हिशेबात प्रत्येक मुलीच्या वाट्याला आठ पैच आल्या. तेच वडील आज वारले असते तर? मुलींना जन्मतः हक्क देणारा बदल महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. देशभराचा बदल ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. आजच्या हिशेबात आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखेच: दोन आणे आठ पै.

आता कोर्टात जाऊ. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक पक्षकार वादीही असतो आणि प्रतिवादीही. ज्याच्यावर दावा लावला तोही कोर्ट फी भरून आपला हिस्सा वेगळा मागू शकतो. हिस्से ठरले की प्राथमिक हुकूमनामा होतो, आणि लोकांना वाटतं संपलं. पण अंतिम हुकूमनामा होईपर्यंत हे हिस्से जिवंत असतात. मध्येच एखादी बहीण वारली, कायदा बदलला, तर ते पुन्हा मांडावे लागतात. एकाच दाव्यात एकाहून अधिक प्राथमिक हुकूमनामे होऊ शकतात, हे १९६७ पासून मान्य आहे. कित्येक घरांत पहिला हुकूमनामा पेटीत पडून राहतो आणि पुढची पिढी तो बाहेर काढते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये खालच्या कोर्टांना सांगितलं, की पक्षकारांच्या अर्जाची वाट न पाहता पुढची तारीख तुम्हीच लावा. हे फार आधी व्हायला हवं होतं.

शेतजमीन असेल तर हुकूमनामा जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार आणि भूमी अभिलेख खात्याकडे. मग भूकरमापक शेतात येतो आणि तोवर कागदावर असलेला हिस्सा पहिल्यांदा मातीवर उतरू लागतो. दाव्यात शब्द असतात सरस-निरस मानाने वाटप. काळ्या रानाचे वीस गुंठे आणि मुरमाड उताराचे वीस गुंठे सारखे नव्हेत. कुणाला जमीन कमी पण कसदार, कुणाला जास्त पण हलकी. रस्ता सगळ्यांना पोचला पाहिजे, उरलेला तुकडा तुकडेबंदी कायद्यातल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान होता कामा नये. विहीर मात्र बहुधा सामाईकच राहते. तिथं माती सोडून वेळ वाटून घेतात: आठवड्यातले दोन दिवस याची पाळी, दोन दिवस त्याची.

घराचं काय? दोन खोल्यांचे सात वाटे पाडले तर घरच उरत नाही. १८९३ चा वाटप कायदा अशा वेळी विक्रीचा मार्ग देतो, मात्र निम्म्या किंवा अधिक हिश्श्याच्या मालकांनी तशी मागणी करावी लागते. बाकीच्यांना कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा घेण्याची संधी मिळते. शिवाय एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला आणि तो वाटप मागायला आला, तर घरच्यांपैकी कुणीही त्याला योग्य किंमत देऊन बाहेर ठेवू शकतो. तोवर त्याला त्या घरात त्यांच्यासोबत राहायला येण्याचा हक्कही नाही.

गोव्यात यासाठी निराळीच वाट आहे. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेल्या इन्व्हेंटरीच्या कामात मृताची सगळी मालमत्ता यादीत मांडतात, तिची किंमत ठरवतात आणि मग वारसच एकमेकांसमोर बोली लावतात. ज्याची बोली सर्वांत वर जाते त्याला घर मिळतं. त्याच्या हिश्श्याहून जेवढी रक्कम जास्त होईल, तेवढी तो बाकीच्या भावंडांना रोख भरून देतो, म्हणजे ज्याने भावाला हरवायला बोली चढवली त्याने त्याच भावाच्या हातात पडणारी रक्कमही वाढवून ठेवलेली असते.